भिंत ओळखा, मगच फळी ठोका



आज मासळीच्या भावाचं नाही, जाळ्यांचंही नाही. आज भिंतीचं बोलायचं आहे. वाचून झालं की घरातल्या माणसांना पण वाचायला द्या, कारण फळी ठोकायची घाई बहुतेक त्यांनाच असते आणि ठोकायचं काम आपल्याकडे येतं.

मागच्या पावसाळ्यात आपल्या संस्थेच्या भाड्याच्या खोलीत, जिथे जाळी आणि वजनकाटा ठेवतो तिथे, आम्ही स्वतःच एक फळी ठोकली होती. तीन फूट लांब, दोन अँगल, चार गिट्ट्या, चार स्क्रू. घरमालक म्हणाले, "भिंत विटेची आहे, बिनधास्त ठोका." आम्ही बिनधास्त ठोकली. दीड महिना सगळं छान. मग कोणीतरी शिशाच्या गोळ्यांचा डबा खालून उचलून फळीच्या बाहेरच्या कडेला ठेवला. रात्री फळी खाली आली. काटा फुटला, रजिस्टरं भिजली, आणि डबा पडला तो बरोबर त्या जागी जिथे दिवसा आपल्या दोन सभासद भगिनी जाळी विणायला बसतात. रात्र होती म्हणून निभावलं. दिवस असता तर आज हा लेख लिहायची हिंमत झाली नसती.

सकाळी भोकं बघितली. भोकाभोवती राखाडी, मऊ चुरा. विटेचा लाल कण एक पण नाही. भिंत विटेची नव्हतीच. चूक घरमालकांची थोडी, आमची जास्त. त्यांनी सांगितलं आणि आम्ही तपासलं नाही. तेव्हापासून जे विचारून, करून, बघून शिकलो ते इथे लिहितो आहोत.

सुरतेत भिंती किती प्रकारच्या?

आपली माणसं सुरतेत सगळीकडे राहतात. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, कोणी रांदेरकडे, कोणी डुमस-हजीराच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणची भिंत वेगळी, आणि वरून चुना-रंग मारला की सगळ्या सारख्या दिसतात. खरी अडचण हीच आहे.

पहिली, भाजलेल्या लाल विटेची भिंत. बाहेरची असेल तर नऊ इंची, आतली पार्टिशनची असेल तर साडेचार इंची. आपल्या जुन्या चाळी आणि रो-हाऊसमध्ये हीच जास्त.

दुसरी, राखेच्या विटेची. उकाईच्या थर्मल पॉवर स्टेशनसारख्या ठिकाणी कोळसा जळून जी राख उरते, तिच्या या विटा. रंग राखाडी. चांगली बनवलेली असेल तर लाल विटेइतकीच मजबूत, कच्ची असेल तर कोपरे लगेच झडतात.

तिसरी, हलक्या ब्लॉकची. कागदावर एएसी ब्लॉक, बोलताना लोक 'सिपोरेक्स' म्हणतात. ते मूळ स्वीडनमधल्या एका कंपनीचं नाव, आता सगळ्याच ब्लॉकला पडलं आहे. राख किंवा वाळू, चुना आणि सिमेंट यात अॅल्युमिनिअमची पावडर टाकतात, मिश्रण पोळ्याच्या पिठासारखं फुगतं, मग वाफेवर पक्कं करतात. आत सगळे बारीक बुडबुडे. लाल विटेच्या साधारण एक तृतीयांश वजन. सुका ब्लॉक पाण्यात टाकला तर बोयासारखा तरंगतो. सुरतेतल्या नव्या बिल्डिंगांत आतल्या भिंती बऱ्याचदा याच्या असतात. आमची भिंत हीच निघाली.

चौथी, पूर्ण काँक्रीटची. नव्या आवास योजनांत अनेक ठिकाणी फर्मा लावून भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात. राजकोटला २०२१ साली सुरू झालेल्या लाईट हाऊस प्रकल्पातली घरं अशीच आहेत. अशा घरात भिंत म्हणजे नुसता पडदा नाही, तीच इमारतीचं वजन पेलते.

पाचवी, जुन्या सुरतेतली. गोपीपुरा, रांदेरच्या जुन्या घरांत सागाचे खांब आणि तुळया, आणि मधल्या गाळ्यात विटांचा भराव. खांब अजून दणकट, भराव मात्र कधी कधी नुसत्या भरवशावर उभा.

सहावी, पोकळ पार्टिशन. ऑफिस, दुकान किंवा मोठ्या खोलीचे दोन भाग केले असतील तिथे पत्र्याच्या पट्ट्यांवर जिप्समचा बोर्ड, नाहीतर लाकडी चौकटीवर प्लाय.

आणि सातवी, पत्रा किंवा कुडाची. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

ओळखायची कशी?

पाच गोष्टी करा. पहिल्या चारांना पैसा लागत नाही.

एक, जाडी मोजा. दरवाजाच्या चौकटीजवळ किंवा खिडकीत टेप लावा. प्लास्टर धरून पाच-साडेपाच इंच भरली तर साडेचार इंची वीट किंवा चार इंची ब्लॉक. दहा इंच भरली तर नऊ इंची वीट. तीन-चार इंचांच्या आत असेल तर सावध व्हा, बोर्ड किंवा पॅनल असायची शक्यता जास्त.

दोन, ठोकून ऐका. बोटाच्या मागच्या हाडाने ठोका. कलिंगड घेताना वाजवतो तसंच. बोर्ड असेल तर डब्यासारखा पोकळ आवाज, आणि दीड-दोन फुटांवर, जिथे आत पट्टी आहे, तिथे आवाज भरीव होतो. काँक्रीटवर आवाज येत नाही, बोट दुखतं. विटेचा आवाज भरीव. हलक्या ब्लॉकचा भरीव पण दबका. फक्त एक लक्षात ठेवा, प्लास्टर सुटलेलं असेल तर चांगली विटेची भिंत पण पोकळ वाजते. म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

तीन, उघडी जागा शोधा. माळ्यावर, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर, मीटरच्या पेटीमागे, जिन्याखाली बऱ्याचदा प्लास्टर केलेलं नसतं. तिथे आतला माल दिसतो. पण एकाच घरात दोन प्रकारच्या भिंती असू शकतात, म्हणून तीच भिंत बघा, शेजारची नाही.

चार, विचारा, पण दोघांना. घरमालकाला आणि त्या बिल्डिंगमध्ये आधी ड्रिल मारलेल्या सुताराला किंवा एसीवाल्याला. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक खरं निघतं, कारण त्याने भोक पाडलेलं असतं.

पाच, बारीक भोक पाडून बघा. फळीच्या मागे झाकलं जाईल अशा जागी चार-पाच मिलिमीटरच्या बिटने, हॅमर बंद ठेवून, एकच भोक. खाली पांढरा कागद धरा आणि चुरा गोळा करा. पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टरचा राखाडी चुरा पडेल, तो सोडून द्या. त्याच्या पुढचा बघा:

– लाल किंवा विटकरी चुरा: भाजलेली वीट.
– फिकट राखाडी, मऊ, आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत जातो: हलका ब्लॉक.
– राखाडी, पण बिट जोर लावल्यावर हळूहळू जातो: राखेची वीट.
– राखाडी, आणि हॅमर लावल्याशिवाय बिट हलतच नाही: काँक्रीट.
– खडूसारखा पांढरा, आणि अर्ध्या इंचानंतर बिट एकदम रिकाम्यात पडतो: जिप्सम बोर्ड.
– पिवळट-तपकिरी भुसा: लाकूड. जुन्या घरात हा दिसला तर नशीब समजा, खांब सापडला.
– भुरभुरीत पांढरट वाळू आणि बिट कुठेही धरत नाही: जुना चुन्याचा सांधा. तिथून दोन इंच वर किंवा खाली सरका.

दमट भिंतीचं वेगळं सांगतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी ज्या घरांत दिवसेंदिवस उभं होतं, आणि समुद्राकडची जी घरं आहेत, तिथल्या भिंतींना खालच्या दोन-तीन फुटांत बऱ्याचदा लोणा लागलेला असतो. प्लास्टर फुगतं, पांढरी भुकटी येते. अशा जागी गिट्टी टिकत नाही. वर कोरड्या भागात ठोका, नाहीतर ठोकूच नका.

भोक पाडायच्या आधी

भिंतीत वायर आणि पाण्याचे पाईप असतात. बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली आणि दोन बोर्डांच्या मधल्या आडव्या रेषेत भोक पाडू नका. नळाच्या रेषेत पण नाही. पण मिस्त्रीने पाईप तिरका नेला असेल तर आपल्याला कळत नाही. म्हणून त्या खोलीची लाईन मेनवरून बंद करा आणि ड्रिल दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने चालवा. भिंतीच्या पलीकडे काय आहे ते पण बघा. पलीकडे शेजाऱ्याचं बाथरूम असेल तर भांडण तुमचंच.

डोळ्याला चष्मा, नाकाला रुमाल. आणि एक गोष्ट कडक सांगतो. जुन्या शेडमधल्या राखाडी सिमेंटच्या पत्र्याला ड्रिल मारू नका. जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही, आणि आजार वर्षांनी दिसतो.

भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. डिपॉझिटमधून भोकाचे पैसे कापले गेलेले सभासद आपल्यात आहेत.

गिट्टी काम कशी करते?

आधी लोक भिंतीत लाकडी खुंटी ठोकून त्यात स्क्रू मारायचे. लाकूड सुकलं की खुंटी ढिली. १९११ च्या सुमारास लंडनमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या माणसाला ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेचं सामान बसवायचं होतं. त्याने तागाच्या धाग्यांची बारीक नळी केली. स्क्रू आत गेला की नळी फुगून भोक घट्ट धरते. आपण 'रावल प्लग' म्हणतो तो हाच. १९५८ मध्ये जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी काढली, म्हणून दुकानात अजून 'फिशर' मागतात. जर्मन भाषेत फिशर म्हणजे मासे धरणारा. म्हणजे आडनावाने तो आपल्याच धंद्यातला.

तर गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना दाबते. कडा दणकट असतील तर पकड बसते. कडा मऊ असतील तर गिट्टी कडांचाच चुरा करते. आमच्या फळीचं हेच झालं. विटेची गिट्टी ब्लॉकमध्ये, आणि वरून हॅमर लावून पाडलेलं भोक. भोक सुरुवातीपासूनच सैल होतं, दीड महिना फक्त नशिबाने टिकलं.

कोणत्या भिंतीत काय?

लाल विटेत आठ मिलिमीटरचा बिट, आठचीच गिट्टी. गिट्टी प्लास्टरमध्ये नाही, विटेत बसली पाहिजे. प्लास्टर पाऊण इंच आणि गिट्टी दोन इंच असेल तर भोक तीन इंच पाडा, गिट्टी आत ढकला. बिटला तेवढ्यावर टेप गुंडाळून खूण करा. स्क्रूची लांबी म्हणजे अँगलची जाडी, प्लास्टर आणि गिट्टी यांची बेरीज. दीड इंची स्क्रू प्लास्टरलाच लटकतो, आणि सगळ्यात जास्त फळ्या याच चुकीने पडतात. साडेचार इंची भिंतीत हॅमर हलका लावा, नाहीतर पलीकडचं प्लास्टर उडतं. भोक विटेच्या मधोमध यावं, सांध्यात नाही.

राखेच्या विटेतही हेच, पण हॅमर बंद ठेवून सुरुवात करा. गरज पडली तरच लावा.

हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर अजिबात नाही. बिट नुसता फिरवा. दुकानात 'ब्लॉकची गिट्टी' म्हणून स्पष्ट मागा. ती जास्त लांब असते, बाहेरून खोल दाते किंवा पीळ असतात. पाकिटावर बिटचा नंबर लिहिलेला असतो, तोच वापरा. एका अँगलला दोन स्क्रू पुरत असतील तर इथे तीन लावा आणि फळीखाली दोनच्या जागी तीन अँगल. ब्लॉकच्या कडेपासून दोन-तीन इंच आत राहा. लोखंडी अँकर बोल्ट इथे नको, तो घट्ट करताना ब्लॉक चिरतो.

काँक्रीटमध्ये हॅमर लागतोच. पकड सगळ्यात चांगली. पण बिट एका जागी अडला आणि चकचकीत चुरा आला तर ती सळई आहे. जोर करू नका, सळई कापू नका, दोन इंच बाजूला भोक घ्या. आणि फर्म्याच्या घरात कपाटासाठी भिंत फोडणं, खाच पाडणं तर अजिबात नाही. तुमच्या वरच्या मजल्यांचं वजन त्याच भिंतीवर आहे.

जुन्या लाकडी चौकटीच्या घरात खांब शोधा आणि अँगल खांबावर लावा. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा, नाहीतर जुना साग चिरतो. मधल्या भरावात जड काही लटकवू नका.

जिप्सम बोर्डवर फक्त देवाचा फोटो, घड्याळ, हलकी फळी. तीही आतल्या पट्टीवर. पट्टी शोधायला लोहचुंबक भिंतीवर फिरवा. बोर्ड पट्टीला स्क्रूने लावलेला असतो, तिथे चुंबक चिकटतो. डबे-भांडी इथे नाही.

आणि समुद्राकडची घरं: साधा काळा स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत गंजून बारीक होतो. बोटीवर आपण जे वापरतो तेच घरात वापरा, स्टेनलेस स्टील. चार रुपये जास्त जातील.

वजनाचा हिशोब

मासळीची पाटी छातीशी धरा आणि तीच पाटी हात लांब करून धरा. वजन तेच, पण दुसऱ्यांदा खांदा तुटतो. अँगलचं तसंच आहे.

समजा फळी एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर खोल आहे. वर ४० किलो सामान सारखं पसरलेलं. भिंतीलगतचा अँगलचा हात २० सेंटिमीटर उंच. वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर. ४० गुणिले १५ म्हणजे ६००, भागिले २० म्हणजे ३०. म्हणजे वरच्या स्क्रूंना मिळून साधारण ३० किलोची ओढ बाहेरच्या बाजूला बसते. तेच ४० किलो बाहेरच्या कडेला ठेवलं तर ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे ६० किलो. सामान तेच, ओढ दुप्पट. शिवाय खाली सरळ लटकणारं वजन आहेच.

म्हणून उंच हाताचा अँगल घ्या, फळी गरजेपेक्षा खोल घेऊ नका, आणि जड वस्तू भिंतीला लागून ठेवा. शिशाचं तर विसरूच नका. एक लिटरच्या डब्यात पाणी भरलं तर एक किलो, शिशाच्या गोळ्या भरल्या तर सहा-सात किलो. बंदीच्या दिवसांत जाळी, दोर, शिसं घरात येतं आणि जागा नाही म्हणून वर चढतं. शिसं जमिनीवर. हा आता आपल्या खोलीतला नियमच आहे.

लावल्यावर तपासा

फळी आडवी सरळ आहे का ते पाणसळीने बघा. उभी रेष बघायला ओळंबा नसेल तर दोऱ्याला शिशाची गोळी बांधा, आपल्याकडे त्याची कमी नाही. मग अँगलच्या वरच्या टोकाला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. जेवढं सामान ठेवायचं आहे त्याच्या दीडपट वजन पाण्याच्या कॅनने ठेवा. २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे २० किलो आणि वर कॅनचं थोडं. एक दिवस-रात्र राहू द्या, खाली कोणाला बसू देऊ नका. रेघ आणि अँगल यांच्यात फट दिसली, किंवा स्क्रू बोटाने हलला, तर उतरवा. पडायच्या आधी उतरवलेल्या फळीची कोणाला लाज वाटू नये.

जुन्या सुरती घरांत पितळेची भांडी मांडायला उंचावर अभराई असायची. दिसायला छान, पण पाळण्यावर, झोळीवर आणि झोपायच्या जागेवर अभराई नको. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप सुरतेतही बसला होता, इथेही माणसं गेली. भिंत हलली की आधी वरचं सामान खाली येतं. फळीला पुढून एक इंचाची पट्टी मारा, म्हणजे डबे सरकत नाहीत.

खात्री नसेल तर

पत्र्याची, कुडाची, लोणा लागलेली किंवा कळतच नाही अशी भिंत असेल तर तिच्यावर वजन टाकूच नका. लोखंडी अँगलचा रॅक जमिनीवर उभा करा. जड खाली, हलकं वर. कलंडू नये म्हणून वरून एका ठिकाणी बांधून ठेवा. वजन जमीन घेते, भिंतीने फक्त तोल सांभाळायचा. आम्ही शेवटी खोलीत हेच केलं. फळीपेक्षा पैसे जास्त गेले, पण फुटलेल्या काट्यापेक्षा कमी.

आपण पाण्यात जाळं टाकायच्या आधी खोली बघतो, तळाला खडक आहे की गाळ ते बघतो. भिंतीत स्क्रू टाकायच्या आधी पण तेवढंच करा. आपल्या ऑफिसात आता ड्रिल मशीन, बिटांचा सेट आणि डोळ्याचा चष्मा ठेवला आहे. सभासदांनी वहीत नाव लिहून एका दिवसासाठी घेऊन जावं. परत आणताना भिंत कशाची निघाली ते पण वहीत लिहा, त्याच बिल्डिंगमधल्या पुढच्या माणसाच्या कामाला येईल.